अस्सल हायडा मुखवटा घेण्याची सोपी रीत

मुलाकडे व्हँकुव्हरला आलात, नातवाचं बारसं झालं, नायगारा इथून पाच तासांच्या विमानावर आहे हे कळून झालेला हिरमोडही ओसरला. आता परतण्याआधी दिवाणखान्यात टांगायला काहीतरी हवं. मुखवटा घ्या. लाकडी, लाल-काळा, बटबटीत डोळ्यांचा. दुकानातली मुलगी ‘हायडा स्टाइल’ म्हणेल. त्यातला पहिला शब्द लक्षात ठेवा, दुसरा ऐकूच नका.

हे हायडा, म्हणजे इथले एक मूळनिवासी लोक, राहतात कुठे, असं विचारायचं नाही. ते राहतात हायडा ग्वाय बेटांवर, पार उत्तरेला अलास्काच्या अंगाला. सरकारी नकाशात या बेटांवर 2010 पर्यंत शार्लट राणीचं नाव होतं. व्हँकुव्हर काही त्यांचं गाव नव्हे. पण येवल्याची पैठणी आपण दादरला घेतोच की!

मुखवटा निवडताना जाणकार म्हणे रेघ बघतात. ती काळी रेघ कुठे तुटत नाही. फुगत जाते, वळणावर निमुळती होते, डोळ्याभोवती अंडं आणि चौकोन यांच्या मधला एक आकार बांधते आणि तशीच भुवईत शिरते. मग तांबडा रंग, मग जमलं तर निळा-हिरवा. या रेघेला व्याकरण आहे आणि ते हातात बसायला कारागिराची वर्षं जातात. तुम्हाला कुठे कोरायचंय? तुम्ही वजन बघा. केबिन बॅगेत मावतो का ते बघा.

कोणाचा मुखवटा, हाही प्रश्न नको. हायडांमध्ये दोन तट, डोमकावळा आणि गरुड. कावळ्याने गरुडाशीच लग्न करायचं आणि मुलांचं कूळ आईकडून. त्यात पुन्हा घराण्याघराण्याची चिन्हं, ज्याचं चिन्ह त्यानेच मिरवायचं. आपण तो गोत्र-प्रवराचा घोळ तिकडेच ठेवून आलोय. शिवाय त्यांच्या कथेत पहिली माणसं शिंपल्यात सापडली ती कावळ्याला. आपल्याला कावळा आठवतो दहाव्याला. तेव्हा गरुड घ्या, दिवाणखान्यात बरा दिसतो.

कुणी इतिहास काढलाच तर हवापाण्याकडे वळवा. 1862 ला देवीची साथ आली आणि हजारोंची वस्ती विसावं शतक उजाडेपर्यंत सहाशेच्या आसपास उरली. त्यातच 1885 पासून कॅनडा सरकारने पॉटलॅचवर, म्हणजे जिथे मुखवटे नाचायचे आणि यजमान घरातलं वाटून टाकायचा त्या सोहळ्यावर, बंदी घातली. ती पुढे 1951 पर्यंत. नाचच नाही तर मुखवट्यांचं करायचं काय? ही चिंता दूरदूरच्या संग्रहालयांनी आपुलकीने वाहिली, खोकी भरभरून. 1969 मध्ये रॉबर्ट डेव्हिडसन नावाच्या बावीस वर्षांच्या हायडा पोराने त्या बेटांवरच्या मॅसेट गावात कोरीव खांब उभा केला, तेव्हा तिथे असा खांब उभा राहून जवळजवळ नव्वद वर्षं झाली होती.

बाकी विकणं-घेणं त्यांना नवं नाही. 1820 च्या दशकातसुद्धा ओठात चकती घातलेल्या खानदानी बायकांचे मुखवटे ते गोऱ्या खलाशांना विकत होते. आजही हायडा कारागीर विकतो, पण हजारो डॉलर सांगतो. एवढ्यात आपल्याकडे अख्खं देवघर होईल, सागवानी, घंटेसकट. तेव्हा तीस डॉलरचाच घ्या आणि पंचवीसला मागा.

आता तुम्हाला 2025 चा जून आठवेल. मिलानमध्ये प्राडाने कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता मिरवली, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर सर्वांत लांबलचक संताप तुमचाच होता. ‘आमच्या चांभारांचं नाव कुठाय?’ असं विचारलं होतंत, तीन उद्गारचिन्हं देऊन. ती गोष्ट वेगळी. ती आपली चप्पल होती.

राहता राहिली मागची बाजू. खऱ्या मुखवट्याच्या पाठीवर बहुधा कारागिराची सही असते. तुमच्या मुखवट्याच्या पाठीवर स्टिकर असेल, भलत्याच देशाचं. नखाने खरवडू नका, लाकडाचा रंग निघेल. खोबरेल तेलाचा बोळा रात्रभर ठेवा, सकाळी सबंध सुटून येतं.