कर्णा वाजलाच तर: तयारीची पुणेरी रीत

सर्वप्रथम अभिनंदन. तुमचा बाप्तिस्मा झालेला आहे, दृढीकरण झालेलं आहे, आणि दर रविवारी मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणताना ‘शरीराचे पुनरुत्थान’ हे शब्द तुम्ही खणखणीत आवाजात म्हणता. म्हणजे शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, प्रभू येईल आणि मेलेले कबरेतून उठतील, हे तुम्हाला मान्य आहे. आता काळजी एवढीच घ्यायची की रविवारी म्हटलेल्या या वाक्याचा सोमवारवर काही परिणाम होऊ नये. बहुतेकांना हे आपसूक जमतं. ज्यांना अजून जमलेलं नाही, त्यांच्या सोयीसाठी चार गोष्टी सांगतो.

तयारीचा सर्वांत आरामशीर प्रकार म्हणजे त्या दिवसाच्या तारखेचा शोध. माणूस तारीख शोधत असला की त्याला दुसरं काम सांगायला कोणी धजावत नाही. त्या दिवसाविषयी आणि घटकेविषयी स्वर्गातल्या दूतांनाही ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला आहे, असं मत्तयाच्या २४व्या अध्यायात खुद्द प्रभूनंच सांगितलं आहे. पण प्रभूच्या काळी व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. तुमच्याकडे आहे. दुसऱ्या शतकात स्वतःला संदेष्टा म्हणवणाऱ्या माँटेनसच्या अनुयायांनी फ्रुगियातल्या (आताच्या तुर्कस्तानातल्या) पेपुझा गावी स्वर्गीय यरुशलेम उतरणार म्हणून वाट पाहिली. अमेरिकेत विल्यम मिलर या शेतकऱ्याच्या हिशेबावर विसंबून हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ची वाट बघत बसले. काहींनी तर पीक काढायचंही सोडून दिलं. तिथलेच रेडिओवरचे उपदेशक हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख दिली, ती फुकट गेल्यावर २१ ऑक्टोबर दिली. हे गृहस्थ शिक्षणानं इंजिनिअर होते, ही बाब आपल्याला विशेष आशादायक आहे, कारण पुण्यात निवृत्त इंजिनिअरांची वानवा नाही. तारीख चुकली म्हणून खचू नका. चंद्रग्रहण असतंच कुठेतरी. २०१४-१५ साली चार ग्रहणं लागोपाठ आली तेव्हा किती छान दिवस गेले. २०२१मध्ये लशीच्या सुईत ‘प्रकटीकरण’ या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या श्वापदाची खूण सापडली तेव्हा तर त्याहून छान. त्या दिवसांत शेजारच्या जिन्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना ऑक्सिजन सिलिंडर कोणी आणून दिला, हे मात्र आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. आपण प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात होतो.

प्रभूचा दिवस रात्री चोर येतो तसा येईल, असं प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो. खराडी-वडगाव शेरीकडच्या वाचकांनी यानं अस्वस्थ होऊ नये. तुमच्या सोसायटीच्या गेटवर अ‍ॅपमध्ये नोंद आणि फ्लॅटवरून होकार आल्याशिवाय कोणालाही वर सोडत नाहीत.

दहा कुमारींचा दाखला तुम्हाला लहानपणापासून पाठ आहे: दहा जणी दिवे घेऊन वराची वाट बघतात, पाच शहाण्या जादा तेल आणतात, पाच मूर्ख आणत नाहीत, आणि त्या तेल आणायला जातात तोवर दार बंद होतं. संडे स्कूलमध्ये मूर्ख कुमारी कोणी व्हायचं यावरून भांडणंही झाली असतील. पण त्यातली एक ओळ आपण कधी नीट वाचत नाही: वराला उशीर झाला तेव्हा दहाच्या दहा जणी झोपल्या. शहाण्यासुद्धा! म्हणजे दुपारी एक ते चार या वेळेला शास्त्राधार आहे, आणि तो मिळाल्यावर बाकीचा दाखला वाचायची गरज उरत नाही. प्रश्न झोपेचा नव्हता, आधी भरून ठेवलेल्या तेलाचा होता, वगैरे गोष्टी पास्टरसाहेब सांगतील; सांगू द्या. पाच जणींना मध्यरात्री तेलवाल्याकडे धावावं लागलं, हा त्या काळच्या पुरवठ्याचा दोष होता. आता तेल दहा मिनिटांत दारात येतं. दहा मिनिटं दार उघडं ठेवायची विनंती वराला करता येईल. आपला स्वभाव त्याला ठाऊक असणारच.

आशा कशी धरायची हे मात्र पुणेकराला शिकवायला नको. जुन्या सोसायटीत राहणाऱ्या कोणालाही रिडेव्हलपमेंटबद्दल विचारा. जी इमारत अजून कागदावरच आहे, तिच्यातल्या आपल्या बाल्कनीतून संध्याकाळी टेकडी कशी दिसेल हे तो डोळे मिटून सांगेल. इब्री लोकांस पत्रातला विश्वास याहून वेगळा काय असतो? न दिसणाऱ्या गोष्टींची खातरी! आणि ही आशा नुसती बसून राहत नाही. शेअर सर्टिफिकेट शोधलं जातं, वारसांची नावं लावली जातात, ५१ टक्के संमतीसाठी अमेरिकेतल्या सभासदाला रात्री दोन वाजता फोन जातो, माळ्यावरचा पसारा काढला जातो, भाड्याच्या घरी काय न्यायचं आणि काय भंगारात द्यायचं याच्या याद्या होतात. पौलही शरीराला पृथ्वीवरचा मंडप म्हणतो आणि तो मोडला तरी हातांनी न बांधलेलं सार्वकालिक घर आपल्याला आहे असं सांगतो. तो स्वतः तंबू शिवणारा होता, तेव्हा बांधकामातलं त्याला कळत असावं. पण त्याच्याकडे ब्रोशर नव्हतं, कार्पेट एरियाही त्यानं दिलेला नाही. त्यामुळे त्या घरासाठी माळा रिकामा करण्याची घाई करू नका.

आता मुख्य विषयाकडे येतो. या विषयात आपली मंडळी खरोखर तयार असतात: कबर.

शहरातल्या दफनभूमींत जागा कमी, म्हणून जुनी कबर उघडून त्याच कुटुंबातल्या पुढच्या माणसाला त्यात ठेवण्याची रीत पडली आहे. पावती सांभाळून ठेवा. आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला हरवला तरी चालेल, पण ही पावती लॉकरमध्ये हवी. दगड काळ्या ग्रॅनाइटचा घ्या, पॉलिशसकट. पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आत्ताच कोरून घ्या, पुढे एक आडवी रेघ आणि मोकळी जागा सोडा. ईस्टरच्या पहाटे फुलं वाहायला गेल्यावर तिला ती रेघ दिसते आणि घरी परतताना रिक्षात कोणी कोणाशी बोलत नाही. वचन कोणतं घ्यायचं? ‘मीच पुनरुत्थान व जीवन आहे’ हे उत्तम, योहान ११:२५. पण कोरणारा अक्षरावर पैसे लावत असेल तर त्याच अध्यायात दहा वचनं पुढे ‘येशू रडला’ आहे. स्वस्तात बसतं.

यात एक अडचण संभवते, आणि ती मी बऱ्याच घरांत पाहिली आहे. वडिलांची कबर एक. हक्क दोन्ही भावांचा. आणि भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. बंगल्याच्या वाटणीवरून म्हणा, आईच्या बांगड्यांवरून म्हणा, किंवा चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीत एक या पॅनेलला आणि दुसरा त्या पॅनेलला होता म्हणून म्हणा. ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, असं पौलाचं स्पष्ट म्हणणं आहे. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. वडील सर्वांत खाली, त्यांच्यावर तुम्ही, तुमच्यावर धाकटा. कर्णा वाजला. आता तो उठून बाजूला झाल्याशिवाय तुम्हाला उठता येणार नाही, आणि त्याला ‘अरे, सरक’ म्हणायचं तर बोलावं लागेल. त्यात वडील खालून विचारणार, काय रे, एवढा वेळ का लागतोय?

यावर उपाय आहे. कमिटीकडे स्वतंत्र जागेसाठी अर्ज द्या; नाकारला तर अपील करा; वेळ पडली तर धर्मादाय आयुक्तांपर्यंत जा. काही लोक भावाला फोन करण्याचा अघोरी उपाय सुचवतात. वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट कर, मग येऊन दान दे, असं डोंगरावरच्या प्रवचनात आहे खरं. पण त्या काळी दान द्यायला वेदीपर्यंत चालत यावं लागे, म्हणून वाटेत भाऊ आठवे. आता क्यूआर कोड आहे. अंथरुणात पडल्या पडल्या दान जातं आणि कोणी आठवत नाही.

भाऊ नको तर नको, पण शेजारी कोण उठणार याची चौकशी आपण एरवीही करतोच. प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात सिंहासनापुढे सर्व राष्ट्रं, वंश, लोक आणि भाषा बोलणारे एकत्र उभे दिसतात. भव्य चित्र आहे, सणाला त्याची बॅनरं सुंदर होतात. फक्त मुलीचं स्थळ बघताना आपण ‘ख्रिस्ती हवा, पण आपल्यातलाच’ असं म्हणतो, आणि समोरच्या घरचे बाप्तिस्म्याआधी कोण होते हे चार पिढ्या मागे जाऊन काढतो. यात काही विसंगती नाही. पुनरुत्थानात लग्नं करत नाहीत, असं प्रभूनंच पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी पंथीयांना सांगितलं आहे. मग जे काय बघायचं ते इथेच बघून घेतलेलं बरं. याच शहरात १८९० साली पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये प्यालेल्या चहावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यावर ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा खटला, झालं होतं. ते आपण आजही चवीनं सांगतो आणि सनातन्यांना हसतो. हसावं. आपल्याकडे चहा सगळ्यांना मिळतो, सोयरीक तेवढी बघून.

कोणाचं उदाहरण घ्यायचं, याबाबत एक इशारा. पंडिता रमाबाईंचं घेऊ नका. तैलचित्र लावा, ५ एप्रिलला पुण्यतिथी करा, त्यांच्या मुक्ती मिशनला, केडगावला, सहल काढा, दौंडकडे जाणाऱ्या गाडीनं सोयीचं पडतं. पण त्यांची तयारी आपल्याला झेपणारी नाही. बाई मृतांच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवून होत्या, आणि तेवढ्यावर स्वस्थ बसायला हरकत नव्हती. त्याऐवजी त्या १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुली-बायांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी विहिरी खणल्या, शेती केली, माग बसवले, छापखाना चालवला, अंध मुलींना वाचायला शिकवलं. पुण्यात प्लेग आला तेव्हा तपासणीच्या नावाखाली बायकांचे जे हाल झाले त्यावर त्यांनी वर्तमानपत्रात लिहून सरकारचा रोष ओढवून घेतला. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. १९२२ साली स्वतः गेल्या. तोपर्यंत हिब्रू-ग्रीकवरून मराठीत बायबल आणण्याचं काम चालूच. हे असं जगलं तर कर्णा वाजतो तेव्हा माणूस कामात सापडतो, हातात प्रुफं, अंगावर धुळीचं लुगडं. आपल्याला त्या वेळी निदान इस्त्रीचे कपडे तरी हवेत.

ईस्टरच्या उपासनेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी चौथ्यापर्यंत थांबा, रविवारी पहाटे लवकर जा म्हणजे गाडी सावलीत लागते, येताना कॅम्पातून मार्झिपानची अंडी घ्या. पुढच्या रविवारी चर्च निम्मं रिकामं असतं, त्यामुळे त्या दिवशी पार्किंगची चिंता नाही. पण त्या दिवशी आपण नसतो.

एक परिच्छेद मात्र वाचनातून वगळावा, योहानाचा २१वा अध्याय. मेलेल्यांतून उठलेला माणूस काय करतो याबद्दल आपल्या काही अपेक्षा असतात. क्रुसाची शिक्षा देणाऱ्या पिलाताच्या वाड्यात जावं, महायाजकाच्या दारात उभं राहावं, ‘आता बोला’ म्हणावं. त्यासाठी तर उठायचं! इथे पाहावं तर प्रभू तिबिर्या सरोवराच्या काठी कोळशाचा विस्तव पेटवून मासे भाजतो आहे, आणि रात्रभर जाळं ओढून दमलेल्या, त्याला टाकून पळालेल्या लोकांना म्हणतो आहे, या, न्याहारी करा. त्यांच्यात तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणणारा पेत्र आहे. त्याच्याशी बोलणं होतं ते न्याहारीनंतर, आणि तेही ‘माझी मेंढरं चार’, म्हणजे चरायला ने, असं. पुनरुत्थानाचा अर्थ जर हा असेल, की ज्यानं आपल्याला फसवलं त्याच्यासाठी पहाटे उठून चूल पेटवायची, तर मला विचाराल तर त्यापेक्षा कबरेतच बरं. हा अध्याय मुलांसमोर वाचताना मासे १५३ होते एवढ्यावरच भर द्यावा. मुलांना आकडे आवडतात.

राहता राहिला पौल. पुनरुत्थानावर त्यानं लिहिलेला करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५वा अध्याय आपण दफनविधीत वाचतो. अरे मरणा, तुझा विजय कोठे? इथे सगळ्यांचा आवाज भरून येतो, यायलाच हवा. ५७व्या वचनापर्यंत बिनधास्त वाचा. ५८वं वचन आलं की बायबल मिटा, कारण कर्ण्याच्या आवाजावरून पौल एकदम घसरतो आणि ‘प्रभूच्या कामात सर्वदा अधिकाधिक तत्पर असा’ म्हणतो. जणू मरण हरलं याचा अर्थ आता कामाला लागा, असाच आहे. पान उलटलंत तर आणखी पंचाईत. १६व्या अध्यायाची सुरुवातच यरुशलेमेतल्या गरिबांसाठीच्या वर्गणीनं होते. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं काही बाजूला काढून ठेवावं म्हणे. मूळ पत्रात तर अध्यायांचे आकडेही नव्हते. कर्णा, विजय आणि वर्गणी एका दमात. आकडे घालणाऱ्यांनी मध्ये एक रेघ ओढून आपली मोठी सोय केली. करिंथकरांनी दिले असतील पैसे. तुमचे ग्रॅनाइटवाल्याकडे अ‍ॅडव्हान्स गेलेले आहेत, आणि पॉलिशचे अजून बाकी आहेत.