पोरांना बाहेर न्या म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी इगर्जेत (चर्चमध्ये) धाकट्याने बाकाखालून गाडी चालवली, तोंडाने हॉर्नसकट. पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ मागे वळून म्हणाले, "भुरग्याक भायर व्हर मरे." नेलं. बायको डोळ्यांनीच 'भांडू नकोस' सांगत होती म्हणून नेलं. उरलेली मीस, म्हणजे रविवारची उपासना, बाहेर माडाखाली उभ्यानं ऐकली. दुपारची शितकडी जेवून झाली तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहितोय.

पोरं घेऊन आलेल्यांना शिष्यांनी दटावलं तेव्हा प्रभू येशू रागावला कोणावर? पोरांवर? मार्कनं शुभवर्तमानात स्पष्ट लिहिलंय, शिष्यांवर. आणि येशूनं हजारोंना जेवू घातलं ती पाच भाकरी, दोन मासळ्यांची गोष्ट. मत्तय म्हणतो जेवणारे पाच हजार पुरुष, बायकामुलं वेगळी. म्हणजे मोजलीसुद्धा नाहीत! आणि शिदोरी कोणाची होती? योहान सांगतो, एका मुलाची. त्यालाच कोणी भायर व्हरला असता तर?

आता चण्यांची गोष्ट सांगतो, कारण सकाळपासून तीच डोक्यात आहे. मी नगरकडचा, प्रॉटेस्टंट, रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांवर वाढलेला. बायको गोव्यातल्या बार्देशची, कॅथलिक. लादाइन म्हणजे काय ते मला लग्नानंतर कळलं. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) संध्याकाळी सगळे जमतात, व्हायोलिन वाजतं, लॅटिनमधून गातात, आणि झाल्यावर उकडलेले चणे वाटतात. मोठ्यांना घोटभर फेणी. (आमच्या गावच्या पाळकसाहेबांनी हे वाचू नये.)

थोरली सहा वर्षांची. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चटईवर मांडी घालून बसली. मारियामातेच्या प्रत्येक नावाला सगळ्यांबरोबर 'ओरा प्रो नोबिस' (आमच्यासाठी प्रार्थना कर), अर्थ माहीत नसताना, अगदी ठसक्यात. धाकटा तेवढा वेळ कुत्र्याच्या मागे. चण्याचं पातेलं बाहेर आलं तेव्हा हा धापा टाकत हजर, गुडघे मातीनं लाल. वाटणाऱ्या आंटीनं दोघांना सारखाच द्रोण दिला. सारखा कसला, त्याचा जरा शीगच लावून! थोरलीचा चेहरा बघायला हवा होता. "पप्पा, मी सगळं म्हटलं. त्याने एकदासुद्धा नाही म्हटलं."

येशूनं सांगितलेली द्राक्षमळ्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. कोणी पहाटेपासून राबलेले, कोणी दिवस बुडायला तासभर असताना आलेले, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखीच मजुरी. खरं सांगतो, मला तो मालक कधीच पटला नव्हता. आमच्या कंपनीत कोणी असा पगार वाटला असता तर पहिला मीच आवाज केला असता. पण तिथे खुरसापुढे माझी दोन पोरं हातात द्रोण घेऊन उभी होती, आणि धाकट्याला कमी मिळावे असं माझ्या मनात एक क्षणही आलं नाही. भूक लागली होती त्याला. माझा आहे तो. मी उदार आहे म्हणून तुझ्या पोटात का दुखतं, असं तो मालक विचारतो. ते वाक्य मला कुठल्या प्रवचनात कळलं नाही, तिथे कळलं.

आणि असली शिकवण घरात रोज सांडलेली असताना लोक मला सांगतात, मुलं मोठी होईपर्यंत भक्ती जमत नाही. अहो, मग कधी जमते? निवृत्तीनंतर?

तेही गोव्यात! फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्रीनं येशूची अख्खी कथा मराठी ओव्यांत रचली, जवळपास अकरा हजार ओव्या, आणि १६१६ साली ती गोव्यातल्याच रायतूरला छापली. पुराणं ऐकत वाढलेल्या माणसांना ही कथाही तशीच ऐकायला मिळावी म्हणून. ऐकायला बसलेल्या बाया काय कडेवरची पोरं घरी ठेवून येत असतील?

बरं, हॉर्न मोठा होता, मान्य. पेटत्या मेणबत्त्यांजवळ पोर मोकळं सोडू नये, तेही मान्य.

लिहिता लिहिता त्या गृहस्थांवरचा रागही जरा उतरलाय. कसे आहेत मला माहीत नाही, पण त्या वयाच्या कितीतरी जणांची मुलं पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलीत, नातवंडं फोनवर दिसतात. आठवड्यातला तो एक तासच त्यांच्या हक्काचा असेल. ते पहाटेपासून मळ्यात राबताहेत, आणि आमचा आत्ता कुठे कुत्र्याच्या मागून धावत आलाय. त्यांना थोरलीसारखंच वाटलं असणार. तरी पुढच्या रविवारी मी दोघांना घेऊन आतच बसणार आहे. गाडी मात्र घरी.

थोरलीला त्या रात्री मळ्याची गोष्ट सांगितली. नीट, सावकाश, मालकाच्या बाजूनं. तिनं पूर्ण ऐकली, विचार केला आणि म्हणाली, "मग पुढच्या लादाइनीला मी पण चणे आले की येते."

काय सांगू तिला? शास्त्र जाणणारे बरेच आहात इथे, सुचलं तर लिहा. फक्त 'मोठी झालीस की कळेल' नको, ते माझं सांगून झालंय आणि तिनं ते मोडीत काढलंय.