स्लो लॉग चालू केला म्हणजे मॉनिटरिंग झालं का?

डेटाबेस सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या फार फिरतोय, "स्लो क्वेरी लॉग (हळू चाललेल्या क्वेरींची नोंद) चालू करा, १० सेकंदांच्या वर काही दिसलं की किल करा (मधेच थांबवा), बाकी काही बघायची गरज नाही." सोपा आहे म्हणून लोकांना पटतो, बाकी त्यात फारसा दम नाही.

पहिलं म्हणजे मायएसक्यूएल या डेटाबेसचा स्लो लॉग क्वेरी संपल्यावर लिहिला जातो. म्हणजे ४० मिनिटं झाली तरी चालूच असलेली क्वेरी तिथे सापडणारच नाही, मग किल करणार कुणाला? आत्ता काय चाललंय ते बघायला शो प्रोसेसलिस्ट ही कमांड, आणि डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी हा व्ह्यू.

१० सेकंद हा नुसता मायएसक्यूएलचा डिफॉल्ट आहे, तुमच्या लोडशी त्याचा काय संबंध? रात्रीचा रिपोर्ट २० मिनिटं चालला तर चालू दे की. पण ३० मिलिसेकंदांची क्वेरी सेकंदाला ५०० वेळा येत असेल तर दर सेकंदाला १५ सेकंदांचं काम होतंय, आणि लॉगमध्ये एक ओळ नाही.

आता खरा घोळ. पोस्टग्रेसमध्ये बरेच जण फक्त क्वेरी_स्टार्ट (क्वेरी कधी सुरू झाली) बघतात, एक्सॲक्ट_स्टार्ट (xact_start, ट्रान्झॅक्शन कधी सुरू झालं) बघतच नाहीत. ॲपने बिगिन केलं (ट्रान्झॅक्शन उघडलं), एक अपडेट चालवलं आणि कमिट न करता, म्हणजे बदल पक्का न करता बसून राहिलं, तर स्टेट दिसते 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे क्वेरी चालूच नाहीये, पण लॉक धरलेलाय, मागे रांग लागलीय आणि व्हॅक्यूमलाही (पोस्टग्रेसची साफसफाई) जुन्या रो साफ करता येत नाहीत. लोक रांगेतल्या बिचाऱ्या क्वेरींना किल करत बसतात, कारण लांब चाललेल्या त्याच दिसतात! कोण कुणाला अडवतंय ते पीजी_ब्लॉकिंग_पिड्स सांगतं, ९.६ पासून आहे. आणि अशा बसलेल्या सेशनवर पीजी_कॅन्सल_बॅकएंड (हे फक्त चालू क्वेरी रद्द करतं) चालवून काही होत नाही, सेशनच टर्मिनेट करावं लागतं.

राहिलं किल. इनोडीबीत (मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन) मोठं अपडेट मधेच किल केलं की रोलबॅक, म्हणजे झालेले बदल मागे घेणं, सुरू होतो आणि तो कधीकधी मूळ कामापेक्षा जास्त वेळ खातो. मी एकदा वैतागून मायएसक्यूएल सर्व्हरच रिस्टार्ट केला होता, तर वर आल्यावर राहिलेला रोलबॅक पुन्हा चालू, आणि त्या रो तोपर्यंत लॉकच.