‘नैसर्गिक आहे, तोटा काहीच नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द बदलतात, सांगणं तेच. शांपू-क्रीमांतली केमिकलं त्वचेतून रक्तात जातात, म्हणून ती बंद करा. चेहऱ्याला लिंबू आणि खाण्याचा सोडा लावा, डोक्याला कांद्याचा रस चोळा, कोंड्यावर भरपूर तेल जिरवा. सुरुवातीला झोंबेल, पण ते गुण येत असल्याचं लक्षण आहे. सात दिवसांत केस गळायचे थांबतील, कोंडा जाईल, डाग उजळतील. सगळं नैसर्गिक, त्यामुळे तोटा काहीच नाही.

घरगुती उपाय म्हणजे सगळं थोतांड, असं मला म्हणायचं नाही. त्यातले काही चांगले चालतात, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. एखादी गोष्ट झाडाला लागली एवढ्यावरून ती किती लावायची, कशावर लावायची आणि किती वेळ ठेवायची हे कळत नाही. हा मजकूर नेमकं तेच सांगत नाही. खाजकुयलीही नैसर्गिकच आहे.

लिंबापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. दावा असा की लिंबात ‘क’ जीवनसत्त्व असतं आणि त्याने डाग जातात. ‘क’ जीवनसत्त्वाचा डागांवर थोडाफार उपयोग होतो, हे खरं. पण त्यासाठी बनवलेल्या सीरममध्ये ते साधारण १० ते २० टक्के असतं. लिंबाच्या रसात १०० ग्रॅममागे जेमतेम ५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्के. दोनशे ते चारशे पटींचा फरक. रसात भरभरून असतं ते सायट्रिक आम्ल, पाच-सहा टक्के. रसाचा पीएच २ ते २.५ च्या घरात, तर निरोगी त्वचेचा ५ च्या आसपास. या मोजपट्टीवर एक अंक खाली म्हणजे आम्लता दहापट. चेहऱ्यावर काय चोळलं जातं, याचा अंदाज यावरून येईल.

तेवढ्यावर भागलं असतं तर चेहरा चुरचुरला असता आणि विषय संपला असता. पण लिंबाच्या रसात, आणि त्याहून जास्त सालीत, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती अंधारात निरुपद्रवी असतात. त्वचेवर ती असताना सूर्यप्रकाशातले अतिनील ‘ए’ किरण पडले, की पेशी भाजल्यासारख्या होतात. गंमत म्हणजे त्याच दिवशी काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी लाली येते, दोन-तीन दिवसांत ती भडकते, कधी मोठे फोड येतात, आणि ते बसले की खाली तपकिरी डाग उरतात. हे डाग कित्येकदा काही महिने टिकतात. त्यांचा आकार पाहिला की कारण ओळखता येतं. मनगटावरून कोपराकडे रस ओघळला असेल तर डागही तसाच ओघळ होऊन बसतो. रस लागलेल्या हाताने कुणी लहान मुलाला धरलं असेल, तर मुलाच्या अंगावर बोटांचे ठसे उमटतात. मुलाला मारहाण झाली असावी असा संशय डॉक्टरांना आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

याच कुळातलं सोरालेन हे द्रव्य बावचीच्या बियांतही असतं, आणि कोडाच्या उपचारात ते मुद्दाम वापरतात. म्हणजे वनस्पतीत ताकद आहे, यात वादच नाही. पण तिथे औषधाची मात्रा ठरलेली असते, अतिनील दिव्याखाली किती वेळ उभं राहायचं हे ठरलेलं असतं, डोळ्यांवर चष्मा असतो. लिंबाची अर्धी फोड गालावर घासून उन्हात जाणाऱ्याने तोच उपचार स्वतःवर बिनहिशेबी केलेला असतो.

सोड्याचं थोडक्यात. त्याच्या पाण्याचा पीएच ८ च्या थोडा वर असतो, म्हणजे त्वचेच्या उलट दिशेला. तो पुन्हापुन्हा लावला की त्वचेचा वरचा थर कोरडा आणि विस्कळीत होतो. केसांना लावला तर त्यांचे खवले उघडतात, केस एकमेकांत अडकतात आणि विंचरताना तुटतात. लिंबू आणि सोडा एकत्र केल्यावर जो फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइडचा. त्याला ‘त्वचेची घाण बाहेर येतेय’ म्हणणारे व्हिडिओ आहेत. वाटीत कुणाचा चेहरा नसतानाही तेवढाच फेस येतो.

आता ‘झोंबतंय म्हणजे गुण येतोय’. मला हे वाक्य सगळ्या मजकुरात सर्वांत घातक वाटतं, कारण थांबायची एकमेव खूण ते काढून घेतं. कच्चा लसूण ठेचून पुटकुळीवर किंवा चाईवर (केस गेलेल्या चकतीवर) बांधला की रासायनिक भाजणं होऊ शकतं. पट्टी बांधून तासन्‌तास ठेवल्यावर कातडी सोलून निघाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात बरीच आहेत. त्या माणसालाही झोंबलंच असणार. त्यातून सावळ्या आणि काळ्या त्वचेची गोष्ट आणखी अवघड. अशा त्वचेला कुठेही दाह झाला, पुटकुळी असो, खाजवणं असो की लिंबू असो, तर तो शमल्यावर तिथे काळपट डाग राहण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे डाग घालवायला जे लावलं त्याने झोंबलं, झोंबण्याने नवा डाग पडला, आणि तो घालवायला पुन्हा तेच चोळलं. या फेऱ्यातून माणूस बाहेर पडतो तेव्हा मूळचा डाग कोणता होता हेच सांगता येत नाही.

कांद्याच्या रसामागे मात्र खराखुरा अभ्यास आहे, आणि तो मान्य करायलाच हवा. २००२ साली बगदादच्या डॉक्टरांनी तो प्रसिद्ध केला. २३ जणांना दिवसातून दोनदा कांद्याचा रस, १५ जणांना साधं पाणी. सहा आठवड्यांनी रसवाल्या गटात २० जणांना केस उगवले. पाणीवाल्या गटात आठ आठवड्यांनीही दोघांनाच. आकडे दिसायला झकास आहेत. पण या सगळ्यांना चाई होती, म्हणजे गोल चकत्यांनी केस जाण्याचा विकार. तो शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे होतो आणि बऱ्याच जणांत आपोआप भरून येतो. कपाळावरून मागे सरकणारी केसांची रेषा किंवा विरळ होत जाणारा भांग हा वेगळा आजार, त्याची कारणं वेगळी, आणि या अभ्यासात तो नव्हताच. शिवाय कोणाला रस मिळतोय आणि कोणाला पाणी, हे वासावरून खोलीतल्या कुणालाही कळलं असतं. एवढ्याशा अभ्यासावरून ‘टक्कल गेलं’ असं सांगायला फॉरवर्ड करणाऱ्यांचंच धाडस हवं.

सात दिवसांत केस गळायचे थांबतात, या दाव्याचं उत्तर केसांच्या चक्रात आहे. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. दिवसाला ५० ते १०० केस जाणं सर्वसाधारण आहे. कंगव्यातला असा एक केस उजेडात धरून पाहा. एका टोकाला पांढरट, बारीक गाठ दिसेल. लोक तिला मूळ समजून घाबरतात. ती विश्रांती संपलेल्या केसाची बोथट झालेली बुडखी असते. केस तयार करणारं मूळ त्वचेतच राहतं आणि पुढचा केस विणायला लागतं.

मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा वजन झपाट्याने उतरणं, यांनंतर पुष्कळसे केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळू लागतात. तोवर ताप विसरलेला असतो, त्यामुळे खापर पाण्यावर किंवा शांपूवर फुटतं. हे गळणं बहुतेक वेळा पाच-सहा महिन्यांत आपणहून थांबतं. माणूस अगदी हवालदिल झाल्यावर, म्हणजे गळती शिगेला असताना, कांदा चोळायला लागतो. त्यानंतर ती उतरणारच असते. श्रेय कांद्याला जातं, आणि एक प्रामाणिक, मनापासूनचा अनुभव पुढच्या शंभर जणांपर्यंत पोचतो.

कोंड्यावर तेल हा सल्ला तर उलटाच आहे. कोंड्यात मलॅसेझिया नावाच्या बुरशीचा मोठा हात असतो. ती सगळ्यांच्याच डोक्यावर राहते. तिला स्वतःची मेदाम्लं तयार करता येत नाहीत, त्यामुळे ती त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर जगते. ते पचवताना जी मेदाम्लं सुटतात, त्यांपैकी ओलेइक आम्लाने काहींच्या त्वचेला खाज सुटते आणि पापुद्रे निघतात. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्लच सर्वांत जास्त असतं. तेल लावल्यावर कोंडा दिसेनासा होतो हे खरं, कारण पापुद्रे चिकटून बसतात. नुसत्या कोरडेपणाने भुरभुर पडत असेल तर तेलाने बरंही वाटेल. पण पिवळसर, चिकट पापुद्रे आणि भुवयांत, नाकाच्या कडांना लाली असेल, तर तेल म्हणजे भुकेल्या बुरशीला वाढलेली पंगत ठरते. तिथे किटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा शांपू कामाला येतो, तोही लावून तीन ते पाच मिनिटं ठेवला तर. लगेच धुऊन टाकून ‘काही फरक नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. नैसर्गिकच हवं असेल तर टी ट्री तेलाच्या ५ टक्के शांपूचा अभ्यास २००२ सालीच झाला आहे. १२६ जण, चार आठवडे. तेलवाल्या गटात ४१ टक्के सुधारणा, नुसत्या शांपूने ११ टक्के. पण ते ५ टक्के होतं. बाटलीतलं तेल तसंच डोक्यावर ओतलं तर ॲलर्जी व्हायला वेळ लागत नाही, त्यातून बाटली जुनी, उघडी राहिलेली असेल तर धोका आणखी वाढतो.

केमिकलं त्वचेतून रक्तात जातात, या दाव्यातली खरी गंमत पुढच्याच ओळीत आहे. तिथे अंड्याचा लेप केसांच्या मुळांना प्रथिनं पुरवतो असं लिहिलेलं असतं. त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर पातळ असला तरी तो चांगली चाळण करतो. ढोबळ नियम असा की ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) जड रेणू त्यातून सहसा जात नाहीत. निकोटिनचा रेणू १६२ चा, म्हणून त्याची पट्टी चालते. अंड्याच्या पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन ४५,००० च्या आसपास. ते आत जात नाही, आणि केसाचा दिसणारा भाग तर मृतच असतो, त्याला खाऊ घालायचं कसं?

घरी वाटलेला लेप आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवू नका. त्यात पाणी आणि साखर आहे पण परिरक्षक (टिकवून ठेवणारं द्रव्य) नाही, त्यामुळे जंतूंची सोय उत्तम होते.

आता जे चालतं ते. धुण्याआधी केसांना खोबरेल लावल्याने केसातली प्रथिनं कमी झडतात, हे २००३ च्या अभ्यासात दिसलं. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं, सूर्यफुलाचं तेल तसं शिरत नाही. याने केस तुटणं कमी होतं, नवा केस उगवत नाही. बारीक दळलेलं ओट कोरड्या, खाजऱ्या त्वचेला आराम देतं. रोझमेरी तेलाची २०१५ साली १०० पुरुषांवर केस वाढवण्याच्या २ टक्के मिनॉक्सिडिल या औषधाशी तुलना झाली. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत केसांची लक्षणीय वाढ नव्हती, सहा महिन्यांनी दोघांतही सारखीच वाढ दिसली. नुसतं साधं तेल लावणारा तिसरा गट नसल्याने हा निकाल कच्चाच म्हणायचा. पण त्यातही हिशेब महिन्यांचा आहे, सात दिवसांचा नाही.

काहीही नवं लावायचं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहा. ॲलर्जी पहिल्याच दिवशी दिसेल असं नाही.

आणि दोन गोष्टींवर घरी काहीच लावत बसू नका. केस गेलेली जागा गुळगुळीत, चकचकीत दिसत असेल आणि केसांची छिद्रंच बुजलेली असतील, तर तो व्रण सोडणारा आजार असू शकतो. त्यात गेलेले केस परत येत नाहीत, त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञाकडे लवकर जायचं. दुसरी गोष्ट मुलांची. मुलाच्या डोक्यावर खवल्यांचा चट्टा, त्यात मुळाशी तुटलेल्या केसांचे काळे ठिपके आणि मानेमागे गाठी दिसल्या, तर तो नायटा असण्याची दाट शक्यता असते. ती बुरशी केसाच्या आत आणि मुळाशी शिरलेली असते, म्हणून रस, तेल किंवा नुसतं मलम तिथे पुरत नाही. गोळ्या काही आठवडे पोटातूनच घ्याव्या लागतात, आणि तोवर त्या मुलाचा कंगवा, टोपी आणि उशीची खोळ इतर मुलांना वापरू द्यायची नाही.