‘48 मेगापिक्सेलचा कॅमेरा साडेतीन हजारात’: त्या मेसेजमधल्या एकेका मुद्द्याबद्दल

लग्नसराई तोंडावर आली की आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात तो असा: मोठ्या कंपन्यांचे खिशात मावणारे कॅमेरे 16-20 मेगापिक्सेलचेच असतात तरी महाग, तिथे तुम्ही नुसत्या नावाचे पैसे देता, त्यापेक्षा ऑनलाइन साडेतीन-चार हजारात 48 मेगापिक्सेल, 16 एक्स झूम, 4के व्हिडिओवाला कॅमेरा मिळतो तो घ्या, सेकंडहँडच्या भानगडीत पडू नका, आणि कसाही असला तरी कॅमेरा म्हटल्यावर तो मोबाईलपेक्षा भारीच. लोक हे वाचून खरंच ऑर्डर टाकताहेत म्हणून लिहायला बसलो, कारण केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या घरात पोराच्या हट्टापायी साडेतीन हजार काढणं ही लहान गोष्ट नाही, ते पैसे कारणी लागले पाहिजेत.

आधी मेगापिक्सेलचं बघू (एक मेगापिक्सेल म्हणजे फोटोतले दहा लाख ठिपके), कारण सगळा मेसेज त्या एका आकड्यावरच उभा आहे. या भावातल्या बऱ्याचशा कॅमेऱ्यांत आतला सेन्सर, म्हणजे लेन्समागची उजेड टिपणारी चिप, मुळात 48 मेगापिक्सेलचा नसतोच, तो कितीतरी कमी असतो आणि कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर फोटो ताणून 8000 बाय 6000 ची फाइल बनवतं. फाइल जड होते, तपशील काही वाढत नाही. हे घरच्या घरी तपासता येतं: पेपरचं एक पान भिंतीला चिकटवा, मेनूत 48 एम ठेवून एक फोटो काढा, मग 8 एम वर ठेवून तिथूनच दुसरा काढा, दोन्ही मोठ्या स्क्रीनवर टाका आणि एकाच बातमीची बारीक अक्षरं मोठी करून बघा. पहिल्या फोटोत एकही अक्षर जास्तीचं वाचता येत नसेल तर ते 48 कागदावरचेच. आणि तुम्हाला लागतात किती हो? साधी 4 बाय 6 इंची प्रिंट 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून काढली तरी जेमतेम 2 मेगापिक्सेल लागतात, लग्नाच्या अल्बमचं 12 बाय 18 इंची पान त्याच हिशोबाने साडेएकोणीस, म्हणजे 20 मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा तिथपर्यंत आरामात पोचतो. ग्रुपवर टाकायचा फोटो तर व्हॉट्सॲप स्वतःच दाबून लहान करतं.

बघायचं ते सेन्सर केवढा आहे. साध्या ब्रँडेड छोट्या कॅमेऱ्यात बहुतेक 1/2.3 इंची सेन्सर असतो, म्हणजे प्रत्यक्षात साधारण 6.2 बाय 4.6 मिलिमीटर, आणि सोनीच्या 2012 च्या आरएक्स 100 सारख्या कॅमेऱ्यात 1 इंची, तो 13.2 बाय 8.8 मिलिमीटर, क्षेत्रफळ चौपट. कमी उजेडात फोटो दाणेदार होतो की स्वच्छ येतो हे बरंचसं इथेच ठरतं. या स्वस्त कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत सेन्सरचं माप मला कुठे दिसलेलं नाही, तुम्ही शोधून बघा.

झूमच्या बाबतीत मेसेज सरळ सरळ दिशाभूल करतो. 16 एक्स डिजिटल झूम म्हणजे काढलेल्या फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करणं, ते काम फोनमध्ये दोन बोटांनी फुकट होतं. खरा झूम ऑप्टिकल, त्यात बटण दाबलं की लेन्सची नळी बाहेर येते आणि आतली भिंगं सरकतात. दुकानात विचारायचीही गरज नाही, लेन्सभोवतीच्या कड्यावर दोन आकडे छापलेले असतात. कॅननच्या इक्सस 185 वर 5.0-40.0 एमएम, भागाकार करा, 8 आले, तेवढा तो झूम. सोनीच्या डब्ल्यू 800 वर 4.6-23.0, म्हणजे 5 पट. लेन्सवर एकच आकडा असेल, किंवा नळी बाहेरच येत नसेल, तर खोक्यावर 16 लिहा की 160, उपयोग शून्य. आता हे पण सांगतो की 5 किंवा 8 पटीने सगळं होत नाही, सारंगखेड्याच्या यात्रेत रिंगणापलीकडचा घोडा येईल, पण हतनूर धरणावर हिवाळ्यात येणारे पाहुणे पक्षी टिपायचे असतील तर 30 पटवाले छोटे कॅमेरे असतात ते बघावे लागतील, सोनी डब्ल्यूएक्स 500 किंवा पॅनासोनिकच्या टीझेड मालिकेतले, आणि त्यांची किंमत या चर्चेच्या बाहेर जाते.

4के बद्दल फार बोलण्यासारखं नाही. डब्ल्यू 800 तर फक्त 720पी करतो, म्हणजे 4के पेक्षा कितीतरी कमी बारकाव्याचा व्हिडिओ. व्हिडिओच करायचा असेल तर हातातला बरा फोन वापरा, त्यासाठी ना स्वस्त कॅमेऱ्यावर खर्च करा ना ब्रँडेडवर.

‘नुसत्या नावाचे पैसे’ हे वाक्य मात्र मला सगळ्यात जास्त खटकतं. माझ्या भाच्याने असलाच एक मागवला होता, यावलकडे त्यांची केळी आहे, पानावर करपा रोगाचे ठिपके दिसले की जवळून फोटो काढून सल्ला देणाऱ्याला पाठवायचा असा त्याचा साधा हेतू. फोटोत पान भुरकट आणि मागची ठिबकची नळी एकदम स्पष्ट. ‘मामा, हाई काय व्हयनं?’ (हे काय झालं?) म्हणून घेऊन आला. झालं असं होतं की त्या कॅमेऱ्यात ऑटोफोकसच नव्हता, फिक्स फोकस, म्हणजे ठरावीक अंतरापलीकडचं सगळं बऱ्यापैकी साफ आणि त्याच्या अलीकडचं काहीच साफ नाही, शटर अर्धं दाबा, हात स्थिर ठेवा, काही फरक पडत नाही. जाहिरातीत याचा उल्लेख नव्हता आणि विकणाऱ्याने परत पण घेतला नाही. साध्या ब्रँडेड कॅमेऱ्यातही ऑटोफोकस असतो आणि तो काही सेंटीमीटरवरच्या पानावर फोकस करतो, पैसे जातात ते त्या मोटारीचे, भिंगांचे.

फ्लॅशचंही तसंच. स्वस्तातल्या कितीतरी कॅमेऱ्यांत फ्लॅश म्हणून एक एलईडी लावलेला असतो, टॉर्चसारखा. खरा झेनॉन फ्लॅश, म्हणजे झेनॉन वायूच्या नळीचा, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास चमकतो, म्हणून आपल्या कानबाईच्या उत्सवात रात्री मांडवात नाचणाऱ्या बायांचे हात, पदर जागच्या जागी थांबलेले येतात, एलईडीत तेच हात पुसल्यासारखे दिसतात. झेनॉनची पोच या छोट्या कॅमेऱ्यांत तीनेक मीटरच, त्यामुळे मागच्या रांगेतून काढून उपयोग नाही, पुढे जावं लागतं.

आता मोबाईल. ‘कॅमेरा आहे म्हणजे मोबाईलपेक्षा भारीच’, हे ब्रँडेड छोट्या कॅमेऱ्यांनाही लागू पडत नाही, मग त्या 48 वाल्याला कुठून पडणार? अजिंठ्याचं उदाहरण घ्या, आपल्याला जळगावहून जवळ, जाणं होतंच. लेण्यांत फ्लॅशला बंदी आणि ती बरोबरच आहे, चित्रं नाजूक आहेत. आत अंधुक उजेड, तिथे इक्सस किंवा डब्ल्यू 800 चे फोटो हललेले किंवा दाणेदारच येतात कारण त्यांची लेन्स फार तर एफ 3.2 इतकीच उघडते (हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते आणि उजेड जास्त येतो), आणि बऱ्या फोनचा नाइट मोड भराभर कितीतरी फोटो काढून एकावर एक जोडतो म्हणून तो तिथे सरस ठरतो. एफ 1.8 वाला आरएक्स 100 असेल तर गोष्ट वेगळी. तर फोन बरा असेल आणि तुम्हाला खरा झूम किंवा खरा फ्लॅश नकोच असेल तर कॅमेरा घेऊ नका, पैसे ठेवा. पण घरात एकच फोन आहे, त्याचं स्टोरेज कायम भरलेलं, पोरगी फोटो शिकू म्हणते आणि तुम्हाला तिच्या हातात इंटरनेट द्यायचं नाही, तिथे साधा ऑप्टिकल झूमवाला कॅमेरा फार कामाचा आहे भो, मनापासून सांगतो.

राहिलं सेकंडहँड. मेसेज म्हणतो पडूच नका, मी म्हणतो चार हजाराच्या आसपास बजेट असेल तर आधी तिथेच बघा, फक्त हातात घेऊन बघा. सध्या पोरांना जुन्या सीसीडी (जुन्या प्रकारचा सेन्सर) कॅमेऱ्यांच्या रंगांचं वेड लागल्यामुळे भाव चढलेत, पण रंग एकट्या सीसीडीने येत नाहीत, कॅमेऱ्यातलं प्रोसेसिंग पण असतं, त्या एका शब्दासाठी जास्तीचे हजार मोजू नका. झूम पाच-सहा वेळा आत-बाहेर करा, आपल्याकडची काळ्या मातीची धूळ नळीत गेली की करकर आवाज येतो आणि एक दिवस लेन्स एररवर अडकते ती कायमची. पांढऱ्या भिंतीचा फोटो पूर्ण झूमवर काढा, काळे डाग दिसले तर धूळ आत पोचलीय. बॅटरी फुगलेली नाही ना, आणि तीच बॅटरी नवी मिळते ना हे आधी विचारा, इक्सस 185 ला एनबी-11एल, डब्ल्यू 800 ला एनपी-बीएन. निकॉनचा कूलपिक्स ए 10 दोन डबल ए सेलवर चालतो, गावाकडे राहणाऱ्याला हा मोठा आधार, सेल किराणा दुकानात पण मिळतात. हे कॅमेरे साधारण 40 डिग्रीपर्यंतच वापरायला सांगितलेले असतात, भुसावळचा मे महिना त्याच्या पुढे जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

आणि कार्डची खाच उघडून बघाच. 2006 च्या आधीचे कॅमेरे 2 जीबीच्या वरचं एसडी कार्ड सहसा वाचत नाहीत, सोनीच्या जुन्यांना मेमरी स्टिक लागते, ऑलिंपस आणि फुजीच्या कितीतरी जुन्यांना एक्सडी कार्ड, आणि ते बनवणंच बंद झालंय, त्यामुळे विकणारा कार्डासकट देत नसेल तर तो कॅमेरा तिथेच ठेवून या.