माळ हिरवा दिसतोय, पण गवत कुठंय?

परतीचा पाऊस होऊन गेल्यावर येवल्याहून राजापूरकडं मामांच्या गावी चाललो होतो. माळाशी मुद्दाम उतरलो. लहानपणी हा माळ तुडवून आलं की पायजमा कुसळांनी भरलेला असायचा, आजी ओट्यावर बसून एकेक कुसळ काढायची. या खेपेला तासभर फिरलो, एकही लागलं नाही. जिकडंतिकडं तरवड, हेकळ नि वेडी बाभूळ.

एका तरवडाच्या बुडाशी हात घातला. माती काळसर, भुसभुशीत, पाचोळ्यानं भरलेली. दोन पावलं सरकलो तर टणक उघडा मुरूम, पाणी वरच्यावर वाहून गेलेलं. गवत असतं तेव्हा मुळांचं जाळं सगळीकडं पसरलेलं असतं, पाऊस पडेल तिथं मुरतो. चराई अती झाली, त्यात दुष्काळ पडला की ठोंब मरतात. मग मधली माती, पाणी, नत्र सगळं वाहत, उडत जाऊन झुडपाशी अडकतं. झुडूप माजतं, मधली जागा आणखी उजाड होते. इथवर आलं की नुसती चराईबंदी करून गवत सहसा परत येत नाही.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या होर्नाडाच्या गवताळ रानात 1912 पासून संशोधन चालू आहे. तिथंही गवत हटून मेस्किटची झुडपं आली. 1990 साली शास्त्रज्ञांनी झुडपाखालच्या अशा मातीला ‘सुपीकतेची बेटं’ म्हटलं. आपली वेडी बाभूळ त्या मेस्किटच्याच नात्यातली. शेळ्या शेंगा खातात, लेंड्यांतून बी माळभर होतं.

मामांना म्हटलं, हे वाळवंटीकरण आहे. ते म्हणाले, "अरे, पण हिरवं तर दिसतंय की!"

खरा घोळ इथंच आहे. माळाला आपण ‘पडीक’ म्हणतो आणि दर पावसाळ्यात चांगल्या गवतात खड्डे घेऊन झाडं लावतो, फोटो काढतो. मला याचा मनापासून राग येतो. इथल्याच ममदापूरच्या रानातल्या काळविटाला लांबवर नजर जाईल असा मोकळा माळ लागतो, तरच लांडगा वेळेत दिसतो. धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो. आणि मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरानं या काट्यांत काय चारायचं? त्याला न विचारता माळाचं काहीही ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मामांच्या बांधावर अजून मारवेल गवत टिकून आहे. उन्हाळ्यात त्यांच्या पडातली वेडी बाभूळ मुळासकट काढायची आणि मृगाला तिथं मारवेलाचे ठोंब लावायचे, असं आम्ही चौघांनी ठरवलंय. कुणाला यायचं असेल तर कळवा. टिकाव आपापला आणा, भाकरी मामींकडं आहे.