एस्टोनिया कशी बुडाली? आधी वायझरचा हिशोब द्या

सप्टेंबर संपत आला की एस्टोनिया ही प्रवासी बोट कशी बुडाली याच्या थिअऱ्या पुन्हा फिरायला लागतात. स्फोट झाला, पाणबुडी धडकली, रशियन लष्करी माल होता वगैरे. मला यातली एकही पटत नाही. पण त्या इतक्या वर्षांनंतरही टिकल्या याचं निम्मं श्रेय तपास करणाऱ्यांनाच जातं.

आधी पक्कं काय ते. २८ सप्टेंबर १९९४ची मध्यरात्र, तालिनहून स्टॉकहोमकडे निघालेली बोट, ९८९ माणसं. त्यातली ८५२ गेली. एकच्या सुमारास नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, लोखंड आपटल्याचे आवाज, १:२२ला मेडे, म्हणजे मदतीची हाक, १:५०च्या आसपास बोट रडारवरून गायब. नाळेचा वर उचलला जाणारा पुढचा भाग, म्हणजे वायझर, वजन सुमारे ५५ टन. तो बुडालेल्या बोटीपासून मैलभर पश्चिमेला सापडला. बोट चालली होती पश्चिमेकडेच! म्हणजे वायझर आधी निखळला, मग बोट वळली आणि पूर्वेकडे भरकटत बुडाली. हा क्रम ज्या थिअरीत बसत नाही, ती पुढे वाचायची गरज नाही.

वायझर निखळला कसा? त्याला खाली एक लॉक, दोन्ही बाजूंना एकेक आणि वर डेकवर बिजागऱ्या. समोरून येणारी लाट वायझरला मागे तर ढकलतेच, शिवाय वरही उचलते. लॉकचे लग, म्हणजे बोल्ट अडकवायचे लोखंडी कान, आणि त्यांचं वेल्डिंग एवढ्या भारासाठी पुरेसं नव्हतं. खालचं लॉक तुटलं की सगळा भार बाजूच्या लॉकवर आणि बिजागऱ्यांवर. त्यात डिझाइनची खरी गोम वेगळीच. आतल्या रॅम्पचं, म्हणजे गाड्या आत घ्यायच्या उतरत्या फळीचं, वरचं टोक वायझरमधल्या खोक्यात शिरलेलं होतं, त्यामुळे वायझर पडताना त्याने रॅम्पही ओढून उघडला. ब्रिजवरून, म्हणजे बोट चालवायच्या खोलीतून, वायझर दिसत नव्हता. इंजिन कंट्रोल रूममधल्या लोकांनी मात्र मॉनिटरवर रॅम्पच्या कडांनी पाणी आत येताना पाहिलं.

कार डेकवर मधे आडोसा नसेल तर थोडं पाणीही घातक ठरतं. समजा डेक १३० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि पाणी फक्त ३० सेंटिमीटर. झाले ७८० टन, आणि बोट कलली की ते सगळं एका बाजूला धावतं. हा परिणाम रुंदीच्या घनाच्या पटीत वाढतो. मधोमध एक लांब भिंत घातली तरी तो चौथ्या हिश्शावर येतो. १९८७ साली बेल्जियममधल्या झेब्रुगला हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही बोट अशीच कलंडली, तिथे तर नाळेची दारं उघडीच राहिली होती.

आता विरोधकांचा सगळ्यात दमदार मुद्दा. कार डेकवर पाणी आलं तर बोट उलटी व्हायला हवी, आणि खालच्या भागात हवा असल्याने तशीच तरंगत राहायला हवी. ती बुडाली, म्हणजे तळाला भोक असणारच. प्रश्न रास्त आहे. पण बोट चाळीस अंशांपलीकडे कलली की चौथ्या-पाचव्या डेकच्या खिडक्या आणि दारं पाण्याखाली जातात. तिथून जिने आणि व्हेंटिलेशनच्या नळांतून पाणी थेट खालपर्यंत उतरतं. या बोटीला बुडायला साधारण अर्धा तास लागला, तो याच वाटेने.

२०२० साली माहितीपटात उजव्या बाजूचं भगदाड दिसलं आणि पाणबुडीवाल्यांना नवा जोर आला. २०२१च्या पाहणीत ते सुमारे २२ मीटर लांब आणि ४ मीटर उंच असल्याचं मोजलं गेलं. बोट उजव्या कुशीवर पडली आहे आणि नेमकं तिथेच तळाचा खडक वर आलेला आहे. २०२३च्या प्राथमिक अहवालानेही धडक किंवा स्फोटाचा पुरावा नसल्याचं म्हटलं. स्फोटाबद्दल बोलायचं तर, २०००च्या डाइव्हमध्ये कापून आणलेल्या तुकड्यांत काही प्रयोगशाळांना स्फोटाच्या खुणा दिसल्या होत्या. बर्लिनच्या बीएएम या साहित्य-तपासणी संस्थेने मात्र त्या गोदीतल्या शॉट ब्लास्टिंगच्या, म्हणजे लोखंड साफ करायला केलेल्या बारीक गोळ्यांच्या माऱ्याच्या ठरवल्या.

लष्करी मालाची गोष्ट मात्र खरी निघाली, तीही अर्धीच. १४ आणि २० सप्टेंबरच्या फेऱ्यांत तो या बोटीतून नेल्याचं स्वीडनने २००५ साली मान्य केलं. २७ तारखेला निघालेल्या फेरीत तो होता याला पुरावा नाही. आणि असता, तरी त्याने वायझर कसा निखळला असता?

माझा राग तपासावर आहे तो वेगळ्याच कारणाने. डायव्हर्सनी वर आणलेला खालच्या लॉकचा बोल्ट पुन्हा समुद्रात टाकून दिला. भार मोजायला सगळ्यात कामाची वस्तू तीच होती! पुढे १९९५चा करार करून डाइव्हिंगवर बंदी घातली. १९९६ साली बोटीवर काँक्रीट टाकायचा घाट घातला, खडी टाकून झाली आणि मग काम थांबवलं. आता कोणाला संशय येणार नाही?

आणि पाणबुडीच्या नादात बाजूला पडलेली गोष्ट: नियमाप्रमाणे नाळेमागची भिंत वरपर्यंत गेलेली हवी. इथे तिचं काम रॅम्पने करायचं, आणि तोही नियमापेक्षा पुढे बसवलेला. अशा बोटीने किनाऱ्यापासून फार लांब जायला नको होतं. तालिन-स्टॉकहोम मार्ग उघड्या समुद्रातला. २०२३चा अहवाल सरळ म्हणतो की ही बोट समुद्रावर जायच्या लायकीची नव्हती, आणि नीट तपासणी झाली असती तर वायझरचे दोष सापडले असते. त्याच वर्षी रॅम्प वर काढला. नवी थिअरी मांडणाऱ्याने आधी त्याच्या बिजागऱ्या आणि लॉक बघून घ्यावेत.